एकशेवीस नंबरचा दोरा

१९९८ साल. शिवाजी पेठेत नीलम्माची दुसरी भाकरी तव्यावर फुगत होती, तोच दारावर अशी थाप पडली की कडी आपोआप निघाली. दारात तालमीच्या फुटबॉल टीमचा कारभारी आकाराम. काखेत चांदीचा कप, हातात दोऱ्याचं रीळ.

"अक्का, पुढच्या महिन्यात कपाची मिरवणूक हाय. त्याच्यावर घालायला तुझी लेस पायजे."

भाकरी करपली तरी नीलम्माला भान नव्हतं. लग्नाआधी बेळगावात ती कॉन्व्हेंटातल्या एका सिस्टरकडून ही लेस शिकली होती. घट्ट भरलेली उशी, तिच्यावर नमुन्याचा कागद, भोकाभोकात टाचण्या आणि टाचण्यांभोवती लाकडी कांड्यांवरचा दोरा गुंफत न्यायचा. सासरी आल्या आल्या सासऱ्यांनी त्याच उशीवर, टाचण्यांसकट, डोकं टेकलं. तेव्हापासून घरात लेसचं नाव कुणी प्रेमानं काढलं नव्हतं. तीस वर्षं तिची लेस टीव्हीखाली, रेडिओखाली धूळ खात पडली. आता वाजतगाजत पेठेतून निघणार होती.

तिनं रीळ बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "ह्या दोऱ्यानं न्हाय व्हायचं."

"का? एकशेवीस नंबरचा हाय! शेजारच्या तालमीनं चाळीसचा घेतलाय. त्यांच्या तिप्पट की!"

"आरं, नंबर वाढला की दोरा बारीक होतो."

"चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी व्हती. दोऱ्यालाच काय धाड भरली?"

नीलम्मानं पेन्सिल घेतली, पट्टीनं तिच्यावर एक सेंटीमीटर आखला आणि तेवढ्यात दोरा शेजारी शेजारी गुंडाळला. "माझ्या नमुन्याला इथं वीस वेढे बसणारा दोरा लागतो. मोज आता."

आकारामनं जीभ बाहेर काढून मोजले. छत्तीस. "बघ! सोळा जास्तच भरले!"

संध्याकाळी तालमीची अख्खी कमिटी नीलम्माच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसली. दोऱ्याच्या जाडीवर मतदान झालं. एकशेवीस नंबर एकमतानं पास. नीलम्माचे यजमान रुद्राप्पा यांनीही हात वर केला. त्यांना वाटलं, चहा किती कप ते विचारतायत.

पहिल्यांदाच कुणी मागितलंय, तर नाही कसं म्हणायचं? महिनाभर नीलम्मानं डोळे फोडून लेस विणली. झाली ती अशी, की कपावर घातली तरी दिसेना, आणि दिसली की जळमट वाटे.

मिरवणुकीत कागलचे प्रमुख पाहुणे कप ठेवलेल्या ट्रॅक्टरवर चढले. कपाकडे बघून त्यांनी भुवया चढवल्या. "काय रं, जिंकलेला कप पुसायला बी सवड न्हाय?" म्हणत त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि महिन्याचं काम एका फटक्यात पुसून खाली झटकलं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. नीलम्मा घरी येऊन उशीकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थाप. आकारामच्या हातात लेसचा बोळा होता, मान खाली होती.

"अक्का, चुकलंच आमचं. कमिटीनं रात्रीच ठरवलं, नंबर कमी पडला. ह्या बारीला दोनशेचा आणतो. पर लेस तुझीच पायजे."

नीलम्मानं बोळा घेतला, मांडीवर हळूहळू सरळ केला. मग तिनं उशी पुढं ओढली.

"विणते की," ती म्हणाली. "दोरा तेवढा मला आणू दे."