ओठांवरचं बोलणं

शर्टांना काज-बटणं करणाऱ्या त्या बाईला शिंप्याच्या दुकानात सगळे कातरबाई म्हणायचे. हाताशी कात्री असली तरी दोरा ती दातांनीच तोडायची. मालक म्हणायचा, हिला धार लावायचा खर्च नाही. तीही हसून घ्यायची. मग एका सकाळी जांभई देताना तिच्या कानापाशी कट्‌कन आवाज झाला आणि जबडा अर्ध्यातच अडकला. त्या दिवसापासून जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच तोंड उघडायला लागलं.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत खाण्याचे हाल झाले असते आणि तेवढ्यावर भागलं असतं. हिच्या घरी ताई होती. लहानपणीच्या तापात ताईचे कान गेले ते गेलेच. शाळेने ठेवून घेतलं नाही, त्यामुळे अक्षरांशी गाठ पडली नाही. तिला वाचता यायचं ते फक्त धाकट्या बहिणीचं तोंड. आईवडील गेल्यावर दोघीच उरल्या होत्या. पाणी, जेवण, औषध असलं सगळं खुणांवर निभायचं. पण गोष्टी खुणांनी सांगता येत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी ताई खिडकीशी बसायची आणि धाकटी उजेडाकडे तोंड करून, शब्द न् शब्द तोंडभर उघडून, दुकानातलं सगळं सांगायची. एका गिऱ्हाइकाने पोट आत ओढून माप दिलं आणि नवा शर्ट घालून पहिला श्वास सोडताच दोन बटणं आरशावर जाऊन आपटली, हे तर ताईने कितीदा तरी सांगायला लावलं होतं.

जबडा अडकला आणि हे बोलणंच बंद पडलं. धाकटीचे ओठ हलायचे, पण शब्द आत राहिल्यासारखे. ताई डोळे बारीक करकरून बघायची आणि शेवटी मान हलवायची.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सांगितलं की सांध्यातली गादी सरकली आहे, दात आवळून ठेवायची सवय नडली आहे, आणि कापाकापीपेक्षा घरचा व्यायामच कामाला येईल. त्यांनी तिच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. जिभेचं टोक टाळूला लावून तोंड हळूहळू कसं उघडायचं, हनुवटीला बोटाचा आधार कसा द्यायचा, ते त्यात चित्रांनी दाखवलेलं होतं. मधूनमधून घंटी वाजायची आणि पडद्यावर यायचं, 'दात सोडा.' संध्याकाळी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची ओळ यायची. किती दुखतंय तो चेहरा दाबायचा, की अ‍ॅप पुढचा व्यायाम ठरवायचं.

फोन ताईने स्वतःच्या ताब्यात घेतला. घंटी तिला ऐकू यायची नाही, पण पडदा उजळला की बहिणीच्या गालावर टिचकी बसायची. व्यायामाला ती समोर बसायची आणि धाकटीच्या दोन्ही कानांपुढे आपली बोटं टेकवायची. सांधा कटकला की बोटांना कळायचं. "वाजलं," ती तिच्या जड, सपाट आवाजात म्हणायची, आणि तिचा चेहरा उतरायचा.

तो उतरलेला चेहरा धाकटीला बघवेना. ती संध्याकाळी हसरा चेहरा दाबायला लागली. ताई टाळ्या वाजवायची. अ‍ॅप बिचारं खूश होऊन अवघड व्यायाम देत गेलं, आणि धाकटीही लवकर बोलता यावं म्हणून कळा सोसून तोंड ताणत राहिली. एका दुपारी दुकानातच जबडा असा आखडला की पाणीसुद्धा ओठांच्या फटीतून घ्यावं लागलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं हो. मीही त्याच्यावरच विसंबले."

"ताई शेजारी बसलेली असते," ती दातांमधून कशीबशी म्हणाली. "तिच्यादेखत रडका चेहरा कसा दाबू?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या वेळी खरं ते दाबायचं, असं तिने ठरवलं आणि पाळलंही. जबडा हळूहळू ऐकायला लागला. पण तोवर ताईने दुकानातल्या गोष्टी विचारणंच सोडून दिलं होतं. संध्याकाळी खिडकीशी बसायची ती बाहेर बघत. बहिणीला त्रास नको, एवढाच तिचा हिशेब. त्यातच ती जिना चढताना धापा टाकायला लागली. दवाखान्यात नेलं तेव्हा हृदय पार थकल्याचं कळलं.

खाटेवर पडल्या पडल्या ताईने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

धाकटी ओठ हलवून म्हणाली, "बरी होशील." खोटं होतं, आणि तेही ताईला वाचता आलं नाही. ताईने सावकाश हात उचलले, बोटं बहिणीच्या कानांपुढे टेकवली आणि म्हणाली, "पुन्हा बोल."

ती पुन्हा बोलली. ताईने तिच्या ओठांकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून बोटांनीच लक्ष दिलं.

"आज वाजत नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडावर मोठं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

धाकटी रडली नाही. दात आवळून सगळं उरकलं. घंटी वाजत राहिली, तिने फोन कपाटात ठेवून दिला. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनीच निरोप पाठवून बोलावून घेतलं. त्या काही समजवायला गेल्या नाहीत, शेजारी बसून व्यायाम करून घेतला. त्या संध्याकाळी चेहऱ्यांच्या ओळीतला अगदी शेवटचा, रडका चेहरा तिने दाबला. अ‍ॅपने जबड्याला विश्रांती द्यायला सांगितली. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

पुढे जबडा सुटला. तीन बोटं आत जायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हवं ते खा, हवं तेवढं बोला.

दुकानात एकदा मालकाच्या बायकोने आग्रह केला म्हणून तिने सकाळच्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगितली. सावकाश, मान वर करून, शब्द न् शब्द तोंडभर उघडून. सगळे हसले. मग मालकाची बायको सहज म्हणाली, "अहो, एवढं तोंड कशाला ताणता? आम्हाला ऐकू येतं की."

कातरबाई मान खाली घालून काजं करायला लागली. त्यानंतर ती चारचौघांसारखं बोलायला शिकली. थोडं, भरभर, ओठ फारसे न हलवता.