चौथा नवनाथ साबळे

भूमहून निघताना आईनं पिशवीत पेढ्यांचा पुडा टाकला. म्हणाली, "मोठी माणसं भेटली तर रिकाम्या हातानं जाऊ नको." मी मोठ्या माणसांच्या नकला करून जगणारा. पण पेढे घेतले.

मिमिक्री हे माझं काम. लग्न, जत्रा, गॅदरिंग, जिथं माईक तिथं मी. पण आजवर कुठल्याही पत्रिकेवर माझं नाव आलं नव्हतं. तिथं मी कायम 'व इतर कलाकार'. या वेळी पहिल्यांदा फ्लेक्सवर नाव येणार होतं, फोटोसकट. पुण्याजवळ पुनावळ्याच्या एका सोसायटीचं गॅदरिंग होतं, आणि आमचे दाजी त्यांच्या कमिटीत.

सकाळी चिंचवडला ट्रॅव्हल्समधून उतरलो. दाजी स्कूटर घेऊन आलेलेच. अंडरपासच्या कोंडीतून सुटून पुनावळ्यात शिरताना मान वर करून बिल्डिंगा बघत होतो. दोन टॉवरच्या मधे एक म्हैस निवांत बसलेली. दाजी म्हणाले, "जागा तिचीच आहे, आपण नंतर आलो."

पोहे खाताना ते हळूच म्हणाले, "एक अडचण आहे. तुला नाव बदलावं लागेल."

"का?"

"नवनाथ साबळे या नावाची तीन नामांकित माणसं आहेत या भागात. रावेतला सर्पमित्र, तळेगावात दातांचे डॉक्टर. आणि चाकणकडचे तर बैलगाडा शर्यतीचे निवेदक. फ्लेक्सवर हे नाव लावलं तर अर्धं जुनं पुनावळं त्यांना ऐकायला येणार, आणि स्टेजवर तू. खुर्च्या फेकतील."

"मग काय लावायचं?"

"मास्टर नव्या. कमिटीनं सुचवलंय."

"दाजी, हे बँडवाल्याचं नाव वाटतंय."

"उद्या संध्याकाळी फ्लेक्स छापायला जातो. तोवर दुसरं सुचलं तर सांग."

मला दुसरं सुचलं ते नाव नव्हतंच. म्हटलं, त्या तिघांनाच जाऊन विचारावं. त्यांची हरकत नसली तर कमिटी काय बोलणार?

रावेत जवळच. पत्ता शोधत एका नव्याकोऱ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पोचलो, तर सगळी बिल्डिंग जिन्यात उभी आणि खाली एक बारकासा माणूस स्कूटरच्या मागं वाकलेला. आवाज इतका हळू की ऐकायला लोक श्वास धरून होते. "हलू नका. धामण आहे, विषारी नाही. ती पण घाबरलीय, तुम्ही पण घाबरलाय. मधे मी एकटा बरा आहे." धामण कापडी पिशवीत गेली, तेव्हा कुठं लोकांना आपापली घरं आठवली.

मी पुढं होऊन म्हटलं, "मी पण नवनाथ साबळे."

त्यांनी मला खालून वर बघितलं. "साप पकडता?"

"आवाज पकडतो."

"सोपं काम निवडलंत. नाव लावा की. सापाला कुठं वाचता येतं?"

हात धुऊन त्यांनी माझा पेढा खाल्ला आणि दुसरा बायकोसाठी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळेगाव दाभाडे गाठलं. जुन्या गावात चालायला बरं वाटतं, दुकानदार रस्त्यावरच्या माणसाशी बोलतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात टेबलामागच्या ताईंनी विचारलं, "नाव?"

"नवनाथ साबळे."

"डॉक्टरांचं नाही हो. तुमचं."

"माझंच आहे."

"गंमत नको. मागं पेशंट आहेत."

गाल सुजलेल्या एक काकू गाल धरून हसायला लागल्या, आणि हसताना आणखी दुखलं म्हणून माझ्यावरच चिडल्या. शेवटी डॉक्टरांनी मला आत बोलावलं, थेट खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला आणि मग गप्पा सुरू केल्या. "भूमचे का? वा. मिमिक्री करता? वा वा. नाव लावू का म्हणताय? लावा की." सगळी उत्तरं त्यांचीच. मी फक्त 'आं' म्हणत होतो. आरसा निघाल्यावर पेढ्यांचा पुडा पुढं केला. त्यांनी तो दाताला कीड लागल्यासारखा न्याहाळला. "हेच खाऊन लोक माझ्याकडे येतात. दोन द्या."

आता राहिले चाकणचे. तळेगावच्या चौकात एक पांढरी बस थांबली, माणसं भराभर चढली, मीही चढलो. बस हलताच सगळे झोपले. मला वाटलं, चाकणला जाणारी माणसं मोठी समाधानी. अर्ध्या वाटेत बघतो तर सगळ्यांच्या गळ्यात कार्डाचे पट्टे. मी कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो.

चाकणला कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "कार्ड?"

"नाही."

"नाव?"

"नवनाथ साबळे."

तो वॉकीटॉकीत म्हणाला, "गेटवर साबळे आलाय, कार्ड विसरलाय." पलीकडून आवाज आला, "वेल्डशॉप साबळे का पेंटशॉप साबळे?"

वॉचमननं मला विचारलं, "कुठला शॉप?"

"मिमिक्री."

त्यानं तसंच कळवलं. पलीकडं थोडा वेळ खरखर झाली. "हा शॉप कधी चालू झाला?"

खरं सांगितल्यावर तो पोट धरून हसला. परळीकडचा होता, मराठवाड्याचा माणूस बघून विरघळला. मी नावाची अडचण सांगितली, तर म्हणाला, "नाव कशाला बदलायलास भावा? आमच्याकडं एका नावाची किती माणसं हायेत. पुढं शॉप लावायचा, झालं. कॅन्टीन साबळे रिटायर झाला, तरी पोरीच्या लग्नपत्रिकेवर त्यानं तेच छापलं." चहा पाजून त्यानं मला एका टेम्पोत बसवून दिलं.

चाकणच्या पुढं, एका टेकडीखालच्या गावात निवेदक नवनाथ साबळ्यांचं घर. अंगणात बाजेवर बसलेला धिप्पाड म्हातारा. पाणी मागितलं तरी डोंगर दणाणावा असा आवाज. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई. नाव लावायचं न्हाई."

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला.

"उभा जलम घाटावर (बैलगाडे पळवायची चढाची वाट) वरडून ह्ये नाव कमावलंय. लोकं माझं नाव वाचून येणार. तू पडलास तर कुणाचं नाव पडलं? तुझं? तुला वळखतंय कोण?"

पुनावळ्यापासून चाकणपर्यंत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी उठलो. तेवढ्यात म्हणाले, "माझी नक्कल येती का?"

"ऐकल्याशिवाय कशी येईल? एक बारी (बैलगाड्याची एक धाव) म्हणून दाखवा."

म्हातारा अंगणात उभा राहिला. छाती भरली आणि सुटला. "आली आली आली, आन काय ती जोडी, आन काय ती धाव, झाली झाली झाली…" कोंबड्या कुंपणाबाहेर गेल्या. तो थांबला. मी डोळे मिटले, छाती भरली आणि तीच बारी त्याच पट्टीत परत पळवली.

घरातून मालकीणबाईंचा आवाज आला, "अवो, किती वरडताल? च्या गार व्हतोय."

म्हातारा माझ्यासमोर तोंड मिटून उभा होता. हळूच बाजेवर बसला. "संसार केला माझ्यासंगं," तो पहिल्यांदाच हळू बोलला, "आन आवाज वळखला न्हाई." मग मांडीवर थाप मारून हसत सुटला. मालकीणबाई बाहेर आल्या, त्यांना कळेना काय झालं.

निघताना म्हणाले, "लाव नाव. पर पुढं कायतरी जोड. आन आयक, मी येणार. पुढच्या रांगंत बसणार. पडलास तर तितंच उठून सांगणार, ह्यो मी न्हवं."

टेम्पोतून दाजींना फोन केला. "'मिमिक्री नवनाथ साबळे' छापा."

"हे दुकानाचं नाव लावल्यासारखं वाटतंय."

"दुकान नव्हे, शॉप लावलाय."

कार्यक्रमाला दाजींचा अंदाज खरा ठरला. एका बाजूला सोसायटी, दुसऱ्या बाजूला टोप्या आणि उपरणी. 'मिमिक्री' हा शब्द त्या बाजूनं कुणी वाचलाच नव्हता. मी स्टेजवर आलो तर तिथून आवाज, "ह्यो कोण? साबळे कुठाय?" साबळे पुढच्या रांगेत, हात गुडघ्यावर, नजर माझ्यावर.

डॉक्टर केले, सोसायटी हसली. सर्पमित्र केले, सोसायटी आणखी हसली. टोप्या हाताची घडी घालून बसलेल्या. दोघं तर उठून चालायला लागले. मग माईक जवळ घेतला, डोळे मिटले आणि पुनावळ्याच्या अंडरपासची सकाळ बैलगाड्याच्या घाटावर नेली. "आली आली आली, पांढरी कार आली, मागनं शाळंची बस आली, बसला आडवा टँकर आला, आन टँकरच्या बगलंतनं बघा, दूधवाला निघाला…"

टोप्या गर्रकन पुढच्या रांगेकडं वळल्या. साबळ्यांचं तोंड बंद. मग जो हशा उसळला, त्यात सोसायटी कुठली आणि गाव कुठलं ते कळेना. त्या अंडरपासमध्ये रोज दोघंही अडकतात. उठलेले दोघं परत बसले.

आणि तेवढ्यात म्हातारा उभा राहिला. तो सावकाश पायऱ्या चढला, माईक हातातून घेतला. "ह्यो मी न्हवं," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर ह्यो बी साबळेच हाय."

मग आम्ही दोघांनी मिळून ती बारी पळवली. टँकर त्यांच्याकडं, दूधवाला माझ्याकडं. दूधवाला जिंकला.

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये विचार करत बसलो. येताना वाटत होतं, नाव छापून आलं की ते माझं होणार. पण नाव आधीच भरलेल्या बाकासारखं असतं. त्यावर कुणी जन्मभर ओरडून बसलेलं, कुणी सापामागं धावून. नवख्याला जागा हवी तर विचारावं लागतं. ते तिघं जरा जरा सरकले, आणि मी कडेला टेकलो.

इंदापूरच्या आसपास फोन वाजला. अनोळखी नंबर.

"साबळे का?"

मी विचारलं, "कुठले पाहिजेत? डॉक्टर, सर्पमित्र का निवेदक?"

"त्यातलं कुणीच नको. अंडरपासची बारी म्हणणारा साबळे पायजे. आमच्या गावच्या जत्रंला येतो का ईचारायचं हाय."

"बोला," मी म्हटलं, "मीच बोलतोय."