चार बोटं पाणी

बिदरजवळच्या छावणीत बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. माझं गाव जनवाडा तिथून सायकलच्या अंतरावर. काम कम्प्युटर रूमच्या देखभालीचं. ऐंशीनंतरची ती वर्षं. एकेक मशीन कपाटाएवढी. तापमान बावीस अंश, हवेतला दमटपणा पन्नास टक्के, दर तासाला नोंद. बूट बाहेर, ओली छत्री बाहेर. उन्हाळ्यात आम्ही बराकीत घामानं भिजायचो, मशीन गारव्यात असायची.

सोबत नाईक मिलिंद सूर्यवंशी होता. कमठाण्याचा, विधवा आईचा एकुलता एक. ड्यूटीवर मला ‘साब’ म्हणायचा, बाहेर ‘अण्णा’.

"अण्णा, हिला बाळंतिणीवानी जपावं लागतंय," तो म्हणायचा. "वारं सोसंना, ऊन सोसंना."

श्रावणातली दुपार. तीन वाजून दहा मिनिटं. दमटपणाचा काटा सत्तरवर गेला. एसीचा पाइप तुंबला होता आणि पाणी लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली, केबलींत उतरत होतं. मी फोन केला.

"सर, कम्प्युटर रूममध्ये पाणी."

"मेन बंद करा. टेप वाचवा," ड्यूटी ऑफिसर म्हणाले.

त्या टेपांवर हजारो जवानांच्या सेवेच्या नोंदी होत्या. मी बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. दारातून ओरडलो, "मिलिंद, मेन बंद!"

"व्हय साब. पाइप मोकळा कराया फळ्यांखाली उतरायलोय."

लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू व्हायचा. त्याचा स्विच वेगळा होता. मला ते ठाऊक होतं. त्या घाईत आठवलं नाही. जनरेटरचा आवाज कानावर आला तेव्हा आठवलं.

तीन पस्तीसला डॉक्टरांनी मान हलवली. टेप सगळ्या कोरड्या होत्या. चौकशीत मी खरं ते सांगितलं. लेखी ताकीद मिळाली.

मिलिंदला घेऊन कमठाण्याला मीच गेलो. बुद्धवंदना झाली, माती झाली. मग त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

"पानी किती होतं?"

मी हाताची बोटं दाखवली. चार.

"चार बोटं पान्यात माणूस मरतंय का, बाबा?"

"करंट होता, माय."

तो कसा आला, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पुढं रिटायर होईपर्यंत आणि त्यानंतरही मी तिच्याकडं जात राहिलो. कितीदा तरी ठरवून गेलो की आज सांगायचं. ती भाकरी वाढायची, मिलिंदचं लहानपण सांगायची. मी ऐकून परत यायचो.

ती गेली तेव्हा गावकऱ्यांनी निरोप धाडला. पोचलो तर सगळे थांबले होते. एक म्हातारा पुढं आला.

"फुडं व्हा, अण्णा. मिलिंदच्या जागी तुमीच की."

मी पुढचा खांदा दिला.