दहा रुपयांचं गिऱ्हाईक

पावसाळ्यासाठी घराघरांत सोडे, बोंबील, जवळा भरून ठेवतात, त्याला आम्ही आगोट म्हणतो. आम्हा सुकी मासळी विकणाऱ्यांचं वर्ष त्याच दोन महिन्यांत उभं राहतं किंवा बसतं. यंदा आगोटीसाठी माझ्या मासळीच्या वेबसाइटची जाहिरात करायची ठरवली आणि पनवेलहून एक जाहिरातवाला आला. डोक्यावरच्या टोपलीपासून सुरुवात करून मी रेवदंड्याच्या बाजारात पक्कं दुकान घातलंय. त्या दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून तो म्हणाला, "मावशी, महिन्यात वेबसाइटवर दोन हजार माणसं आली, विक्री वीस हजारांची. म्हणजे एक माणूस दहा रुपयांचा. तुमच्याकडे नुसते फुकटे येतात."

माझ्या गिऱ्हाइकाला फुकटे! ते अजून सलतंय. शिवी ओठांवर आली होती, पण गिळली. कारण नवीन माणसं आणून द्यायचे तो माणशी आठ रुपये मागत होता.

"दहाच्या माणसाला आठ? मला मासळी काय समुद्र घरपोच देतो?"

तो सहावर आला. मी चपला घातल्या. "मीच जाते. तुम्ही बसा दुकानात, विका बोंबील."

तो हसत हसत चारवर आला. आगोट संपेपर्यंत चारच, असं मी त्याच्याकडून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना मी वेबसाइटवर सोड्यांचा भाव किलोमागे पन्नासने उतरवला. बाजारात पोचले तर सगळ्या बायांचे सोडे पन्नासने उतरलेले! पूर्वी माझा भाव काढायला या तंबाखू मागायच्या निमित्ताने यायच्या.

"कोणी गो सांगितलं तुम्हाला?" मी कडाडले.

"कोन सांगंल? मोबाइल हाय ना," शेजारची मासळीवाली म्हणाली. "सकाली उठलो का पयला तुझा भाव बगतो. दुपारी परत."

"आणि घेता कधी?"

"तुझ्याकडून? आमी काय येड्या हाव?"

मी भांडायला पदर खोचायला घेतला आणि तो तसाच हातात राहिला. मोबाइलवर वेबसाइटचा हिशोब उघडला. कुठल्या गावातून किती माणसं आली, तेही त्यात दिसतं. दोन हजारांतली पंधराशे रेवदंड्याचीच! याच बाया, दरवेळी बघितलं की नवं माणूस मोजलं गेलेल्या! म्हणजे वीस हजार रुपये उरलेल्या पाचशेंनी दिले होते. माणशी चाळीस! आणि चाळीसचं माणूस मी चारला ठरवून बसले होते.

मला असं हसू सुटलं की समोरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

"बघा गो बायांनो, रोज बघा! संध्याकाळीपण बघा! तो जाहिरातवाला आगोटीनंतर परत येईल. तुम्ही बघायच्या थांबलात तर त्याला माझं माणूस महागाचं दिसेल, भाव वाढवील मेला."

"मंग आमाला काय?" शेजारणीने विचारलं.

"माणशी एक कुल्फी."

"दोन."

मी लगेच हो म्हटलं. तिचा चेहराच पडला. "थांब गो," ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "आपलं कायतरी चुकलं."