आसारामची गाठ

ऊसतोडीच्या फडात गडी तोडतो आणि बाई मोळी बांधते. आमच्या टोळीत एकटा आसाराम उलटा. बायकोची, भिवराबाईची, कंबर धरलेली. म्हणून तोडायचंही त्यानंच आणि बांधायचंही त्यानंच. डावखुरा असल्यामुळे त्याच्या गाठीचा पीळही उलटा. "आसाराम, लुगडंबी नेस की रं," म्हणून आम्ही त्याला छळायचो. तो हसायचा आणि बांधत राहायचा. मोळ्यांच्या ढिगातून त्याची मोळी पोरंसोरंही ओळखायची.

बीडजवळच्या पालीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. वर झरा आहे, गावची जनावरं तिथंच पाणी पितात. डोंगर चढायला येणाऱ्या हौशी लोकांनी तिथं पिशव्या फेकल्या, गावातल्या परमेश्वर नावाच्या गड्याची गाय प्लास्टिक खाऊन मेली, तेव्हा गावानं ती वाट बंद केली. ती उघडायला लावली आसारामनं, आणि तीही रविसाठी. रवि म्हणजे चौसाळ्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. शहरातल्या लोकांना जीपमधून ट्रेकिंगला आणायचा. येता-जाता "मामा, मामा" करत आसारामच्या चुलीपाशी बसून भाकरी खायचा. आसारामला मूलबाळ नाही. त्या एका शब्दानं गडी विरघळला. पारावर सगळ्यांदेखत बोलला, "वर गेलेलं समदं खाली येईल. माजी जबान हाय."

जबान त्यानं पाळलीही. फड उठला की राहायची झोपडी, म्हणजे कोपी, मोडून, चुलीची राखसुद्धा भरून, जागा झाडून द्यायची ही आमच्या टोळीची रीत. तसाच तो पावसाळाभर दर रविवारी डोंगर झाडून यायचा. लोकांच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, नको नको ते सगळं पोत्यात भरून पाठीवर खाली आणायचा, पोत्याचं तोंड बांधायचा आणि रविच्या जीपमध्ये ठेवायचा. बीडला कचरागाडीत टाकतो, असं रवि सांगायचा. स्वतःच्या पोरावर कोण संशय घेतं?

दसऱ्याच्या तोंडावर, आमच्या टोळ्या निघायच्या बेतात असताना, परमेश्वर हरवलेलं वासरू शोधत डोंगरामागच्या घळीत उतरला. तिथं पोत्यांचा ढीग पडलेला. काही फुटली होती, आणि वासरू त्यातच तोंड घालून उभं. त्यानं एक पोतं आणून पारावर आपटलं. आत काय आहे ते कुणी पाहिलंच नाही, सगळ्यांनी गाठ पाहिली.

"गाठ माजी हाय," आसाराम म्हणाला. "टाकलं मी न्हाई. रविला इचारा."

घळीच्या वरूनच चौसाळ्याचा रस्ता जातो आणि आसारामकडे साधी सायकल नाही, हे मी ओरडून सांगितलं. "तूबी त्याच्याच टोळीतला," म्हणून मला गप्प बसवलं. परमेश्वरनं रविला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मामाच म्हणलते, राहू दे, मी बघतो," रवि शांतपणे म्हणाला. "मी कशाला टाकू? मामा, सांगा की त्यांना."

मामा म्हणत म्हणतच त्यानं गळा कापला. मेल्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"आरं, माज्या घरी जेवलास रे तू," आसाराम म्हणाला. फोन तोवर बंद झाला होता.

वाट पुन्हा बंद झाली. आसारामशी बोलणंही बंद झालं. त्याची बाजू घेतो म्हणून माझ्याशीही. दुसऱ्या दिवशी तो एकटा घळीत उतरला. राहवेना म्हणून मीही गेलो, मागून कंबर धरत भिवराबाई आली. फुटलेली पोती आम्ही नव्यानं भरली. तोंड बांधायला त्यानं सुतळी घेतली, पीळ घातला आणि त्याचे हात तिथंच थांबले. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"आना इकडं," भिवराबाई म्हणाली. "मी बांधते."

यंदा आम्ही फडात आहोत. आसाराम तोडतो, खाली मान घालून. मोळ्या मात्र भिवराबाई बांधते. प्रत्येक मोळीला वाकताना ती कण्हते, ते त्याला ऐकू येतं. पण गाठीला तो हात लावत नाही.