उघडं राहिलेलं दार

वॉर्डाच्या खिडकीपाशी एक आई मांडीवरच्या लेकराला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. त्याच लेकराचा रिपोर्ट घेऊन मी लॅबमधून आले होते. कॉलरा. शेजारी बसलेली सासू कुरकुरत होती, “अगं, सगळं ओकतंय ते. जुलाबात पाणी बंद ठेवायचं असतं.”

मला त्या जंतूचाच संताप आला. विष तरी त्याचं स्वतःचं कुठे आहे? कधीकाळी एक विषाणू त्याच्यात शिरला आणि त्याने विषाचं जनुक याच्या हवाली केलं. त्या उसन्या जनुकाच्या जोरावर हा आतड्याचे नळ सोडतो, लेकरं सुकवतो. माज तरी किती! पण एक दार त्याला अजून बंद करता आलेलं नाही. मीठ आणि साखर जोडीने आली की आतडं त्यांना आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही जातं.

लेकरू पुन्हा ओकलं. सासूने वाटी उचलायला हात पुढे केला. आईने वाटी स्वतःकडे ओढली आणि पदराने लेकराचं तोंड पुसलं.

“ओकू दे कितीही,” ती म्हणाली. “मी परत पाजीन.”

आणि तिने चमचा वाटीत बुडवला.