उघाडी बंद असल्याची नोंद

आमच्या गावाची भातशेती खाडीपासून एका मातीच्या बांधाने वाचते. बांधात पाण्यासाठी एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार वर घेऊन शेतातले पाणी सोडायचे, भरतीआधी ते खाली टाकायचे. हे काम माझे वडील करतात.

गेल्या पावसाळ्याआधी तिथे सरकारी खात्याचा ब्लॉकचेनचा प्रयोग आला. वडिलांनी मोबाइलवर ‘उघडले’ किंवा ‘बंद’ दाबायचे. नोंद एकाच वेळी अनेक संगणकांवर जाई, मागाहून ती खात्याच्या साहेबांनाही बदलता येत नसे. उघाडीपाशी मात्र रेंज नाही. म्हणून वडील देवळाच्या पारावरच बटण दाबत आणि मग बांधाकडे निघत. घरात ते आम्हाला ठाऊक होते. त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

उधाणाच्या एका दुपारी त्यांनी ‘बंद’ दाबले आणि पारावरच्या कबड्डीच्या गप्पांत बसून राहिले. पोहोचले तोवर खारे पाणी आत शिरले होते. बांधालगतचा शेजारच्या काकूंचा भात आधी बुडाला.

चौकशीला आलेल्या अभियंत्याने नोंद दाखवली. दार वेळेवर बंद. म्हणजे पाणी बांधातल्या बिळांतून आले असणार, आणि बांधाचा तो तुकडा राखायचा काकूंनी. शोधल्यावर खेकड्यांची बिळे सापडलीही. ‘खेकडं नुसतं पाळलंस व्हय काकू, खायचं व्हतं,’ कोणीतरी म्हणाले. लोक हसले. आपल्यामुळे त्यांची चौकशी झाली म्हणून काकूंनी वडिलांची माफी मागितली. वडील खाली बघत होते. मी त्यांच्याशेजारी उभी होते.

त्यानंतर वडील रोज काकूंची बिळे बुजवायला जाऊ लागले. काकूंना तो मोठेपणा वाटला. एका संध्याकाळी त्या खेकड्यांचे कालवण घेऊन आल्या. वडिलांनी डबा उघडला नाही. ओटीवर बसून ते मोबाइल चाळत राहिले. त्यांना काय हवे होते ते मला कळत होते, पण तिथे ‘उघडले’ आणि ‘बंद’ ही दोनच बटणे होती.

‘वहिनी, दार उघडं व्हतं,’ ते शेवटी म्हणाले. ‘मी पारावर व्हतो.’

काकूंनी डबा उचलला.

‘ह्ये चारचौघांत सांगा, भावजी.’

गावकीच्या बैठकीत वडिलांनी ते सांगितले. त्या दुपारी पारावर बसलेले सगळे समोरच होते. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही.